चाच्यांचा निकाल टॉवेलाखाली

वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत मी समुद्रावर एकेचाळीस कविता लिहिल्या होत्या आणि समुद्र पाहिला नव्हता. या दोन गोष्टींत काही विसंगती आहे, असे मला तेव्हा वाटत नसे. नगरच्या आमच्या गच्चीवरून दिसायची ती माळरानाची तपकिरी ओळ, तिच्यावर उन्हात थरथरणारी हवा आणि भिंगारच्या बाजूला लष्कराच्या गाड्यांनी उडवलेली धूळ. त्या थरथरीला मी लाट म्हणत असे, धुळीला फेस. वाऱ्याला वाळलेल्या करडईचा काटेरी वास येई; कवितेत मात्र तो खारा होऊनच उतरे. वहीला मी निळ्या कापडाचे आवरण स्वतः शिवले होते. त्याचा रंग घामेजल्या बोटांना लागायचा. माझ्या अनुभवातला निळा रंग एवढाच.

वडील साखर कारखान्यात लेखनिक होते. समुद्र पाहायला जाऊ द्या, असे मी दरवर्षी म्हणायची आणि ते दरवर्षी चष्मा पुसत तेच उत्तर द्यायचे. “समुद्रात बघायचं काय? पाणीच ना? कालव्याला पाण्याचं रोटेशन सुटलं की सांगतो, चल माझ्याबरोबर.” मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला गेले, तेव्हा या उत्तराला एक पुस्ती जोडली गेली. “मार्गशीर्षात पाहुणे बघायला येणार आहेत. मग पुढं तू अन् तुझ्या सासरचे बघा. हां, कॉलेजच्या कामानं कुठं जायचं असेल तर माझी ना नाही.”

म्हणजे माझ्याजवळ मार्गशीर्षापर्यंतचा अवधी होता, आणि कायद्याच्या महाविद्यालयाला समुद्राशी काही काम पडावे लागणार होते. नगरमध्ये.

माझे हे दुःख सविस्तर ठाऊक असलेला एकच माणूस होता. महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर तात्यांची चहाची टपरी होती. तात्या मूळचे काष्टीचे. आठवड्याचे सहा दिवस ते चहा करत आणि सातव्या दिवशी टपरीला फळी लावून काष्टीच्या बैलबाजारात दलाली करत. त्यांच्या खांद्यावर कायम एक चौकड्यांचा टॉवेल असे. त्याला आले, पेंड, चहाची भुकटी आणि बैलाच्या मानेचा ऊबदार घाम यांचा असा काही मिश्र वास येई, की डोळे मिटले तर स्वयंपाकघर आणि गोठा यांच्यामधला उंबरठा समोर उभा राहावा.

“ताई, कितवी झाली?” आले कुटता कुटता ते विचारत.

“एकेचाळिसावी.”

“आन् समुद्र?”

“अजून नाही.”

“आवो, म्या बैल न बघता सौदा केला तर बाजारातनं मला काठीनं हानत येशीपस्तोर घालवतेल. तुमाला कुनी काय म्हनत न्हाई का?”

“कवितेत चालतं, तात्या.”

“मंग बरा धंदा हाय.”

त्यांच्या स्वतःच्या धंद्याची रीत त्यांनी मला किटलीच्या दांड्यावर करून दाखवली होती. भर बाजारात, शेकडो कान टवकारलेले असताना, किंमत तोंडाने सांगायची नसते. घेणाऱ्याच्या आणि देणाऱ्याच्या हातांवर टॉवेल टाकायचा आणि आत एकमेकांची बोटे धरायची. किती बोटे धरली, तो आकडा. वर चेहरे कोरे, गप्पा हवेच्या, खाली लढाई. आकडा ठरला तरी तात्यांचे काम संपत नसे, कारण कासरा राहिलेला असे. विकणारा बैलाचा दोर सोडून घ्यायला बघे आणि घेणारा सोडू देत नसे. “बैल नेला आन् कासरा ठिवला, तर बैल काय मिठी मारून न्यायचा?” हा तात्यांचा ठरलेला सवाल, आणि त्यावर कासरा आजवर कधी मागे राहिला नव्हता.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर रत्नागिरीच्या एका महाविद्यालयाचे पत्र आले. अभिरूप न्यायालयाची, म्हणजे लुटुपुटीचा खटला लढवण्याची, स्पर्धा होती. पहिली फेरी ज्याने त्याने आपल्याच सभागृहात, बाहेरचा परीक्षक बोलावून घ्यायची. जिंकणाऱ्या वकिलाने अंतिम फेरीला रत्नागिरीला यायचे, सोबत कागदपत्रे सांभाळायला एक मदतनीस. पत्र मी तीन वेळा वाचले. तिसऱ्या वेळी त्या कागदाला मासळीचा वास येतो आहे, असा मला भास झाला.

पत्रासोबत खटल्याची हकिगतही होती. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून दूर, खुल्या समुद्रात, पाच सोमाली माणसांनी एका मालवाहू जहाजावर चढून ते ताब्यात घेतले. जहाज एका देशाचे, खलाशी दुसऱ्या देशाचे, माल तिसऱ्याचा आणि समुद्र कोणाचाच नाही. आरोपींना पकडले आपल्या देशाच्या गस्ती नौकेने आणि आणून उभे केले आपल्या न्यायालयात. प्रश्न असा, की या खटल्याशी आपला संबंध काय? नव्वदीच्या दशकातली ती वर्षे. रेडिओवर सोमालिया हा शब्द अधूनमधून कानी पडे तो नेहमी उपासमारीच्या किंवा गोळीबाराच्या शेजारी बसून. तिथे सरकार उरलेले नाही, कोळ्यांच्या समुद्रात परक्या देशांच्या बोटी शिरून मासळी ओरबाडून नेतात, इतके मी ग्रंथालयातल्या जुन्या अंकांतून शोधून काढले.

समुद्राचा कायदा शिकवणारे आमचे सर या पत्राने पार मोहरून गेले. समुद्र त्यांनी एकदाच, मुंबईला, पाहिला होता. पण तेव्हा ओहोटी होती. “मी गेलो तेव्हा तो घरी नव्हता,” असे ते खेदाने सांगत. मदतनिसाच्या जागेवर त्यांचा डोळा आहे, हे कोणालाही न विचारता सर्वांना कळले होते.

सरकारी वकील झाली माझी भिंगारची मैत्रीण. तिचे वडील लष्कराच्या कार्यालयात मुलकी नोकरीत होते. तिचा आवाज असा, की बोलू लागली की समोरचा नकळत सावधानच्या स्थितीत उभा राही. आरोपींचा बचाव मी मागून घेतला. परक्या पाण्यात अडकलेल्यांची बाजू कवयित्रीनेच घ्यावी, असे माझे म्हणणे. “तू त्यांना फाशी देववशील,” मैत्रीण म्हणाली. “यमकासाठी.”

चार आरोपी वर्गातलेच मिळाले. त्यांतल्या एकाने तोंडाला जळक्या बुचाची काजळी फासायची कल्पना काढली, तेव्हा सर कधी नव्हे ते संतापले. “सोमालियातला माणूस उन्हात राबतो, तुझा बापही श्रीगोंद्यात उन्हात राबतो. आहेस तसा उभा राहा. फक्त बोलायचं नाही. त्यांना आपली भाषा येत नाही, आपल्याला त्यांची येत नाही. तेव्हा पाचही आरोपी शेवटपर्यंत मुके.”

पाचवा आरोपी खटल्याच्या दिवशी आलाच नाही. त्याच्या शेतात कांद्याची लागण चालली होती.

“चारांवर मी उभी राहणार नाही,” मैत्रीण म्हणाली. “दरोड्याला किमान पाच लागतात. चारांची नुसती जबरी चोरी होते. माझा सगळा खटला बसला!”

ती फाटकाबाहेर गेली आणि तात्यांना घेऊन आली. त्यांच्या एका हातात किटली, दुसऱ्या हातात पेल्यांची तार आणि खांद्यावर टॉवेल. अशा रीतीने माझ्या पक्षाचा पाचवा चाचा सरकार पक्षानेच पुरवला.

“काय करायचं म्या?” तात्यांनी विचारले.

“काही नाही. तुम्ही सोमाली आहात. गप्प बसायचं.”

“किती टाइम?”

“निकाल लागेपर्यंत.”

“लई अवघड हाय,” तात्या म्हणाले आणि किटली पायाशी ठेवून आरोपींच्या बाकावर बसले.

परीक्षक म्हणून निवृत्त जिल्हा न्यायाधीश आले होते. सडपातळ, कडक इस्त्रीचे, बोलताना प्रत्येक शब्द नाण्यासारखा वाजवून घेणारे. आरंभीच त्यांनी टेबलावर दोन्ही पंजे पालथे ठेवले आणि म्हणाले, “न्याय उघड्यावर होतो. माझ्या न्यायालयात वकिलांनी हात खिशात घातलेले मला चाललेले नाहीत. हात दिसले पाहिजेत.” साऱ्या सभागृहाचे हात दिसू लागले. सरांनी तर आपले छातीशीच धरले.

मैत्रिणीने तोफ डागली. चाचा हा साऱ्या मानवजातीचा शत्रू. तो ज्याच्या हाती लागेल त्याने त्याचा न्याय करावा, हा जुना आणि जगन्मान्य नियम. मग तिने हुकमाचे पान काढले. “समुद्राला दार नाही, म्हणून तिथली चोरी चोरी नव्हे काय? शनिशिंगणापुरात घरांना दारे नाहीत. तिथे चोरी करणाऱ्याला शिक्षा टळते काय?” टाळ्यांनी पंखे हलले.

मी उठले. माझ्या घशाला समुद्राइतकीच कोरड होती. म्हणजे माझ्या कवितांतल्या समुद्राइतकी. “टळत नाही,” मी म्हणाले. “पण शिंगणापुरात शिक्षा तिथला देव देतो. राहुरीचा देव येऊन देत नाही.” न्यायाधीशांनी हे लिहून घेतलेले मी पाहिले आणि रत्नागिरी जवळ सरकली. आपल्या दंडविधानात चाचेगिरीचे कलमच नाही. जमिनीवरचे दरोड्याचे कलम तुम्ही पाण्यावर नेऊन सुकवायला टाकता आहात, असेही मी म्हणाले. इथवर सारे ठीक होते. पण मग माझ्यातली कवयित्री जागी झाली. त्या पाच कोळ्यांची जाळी, त्यांच्या किनाऱ्याची चांदणी वाळू, निळ्या गहिवराची गाज, हे सारे मी अकरा मिनिटे बोलत राहिले. आरोपींपैकी एक झोपला. न पाहता घेतलेल्या बैलाकडे पाहावे, तशा नजरेने तात्या माझ्याकडे पाहत होते.

दीड तासाने न्यायाधीशांनी आरोपींना दोषी ठरवले. समुद्र माझ्या डोळ्यांदेखत ओसरला. मैत्रीण हसू दाबत कागद गोळा करू लागली, आणि सर मनातल्या मनात रत्नागिरीची बॅग भरू लागले, हे त्यांच्या भुवयांवरून कळत होते.

“रीतीप्रमाणे विचारतो,” न्यायाधीश चष्मा काढत म्हणाले. “दहा वर्षे सक्तमजुरी द्यावी, असे माझे मत आहे. शिक्षेच्या प्रमाणाबाबत आरोपींना काही सांगायचे आहे काय?”

हा प्रश्न केवळ उपचाराचा होता. आरोपी मुके होते आणि दुभाषा आम्हांला मिळालेला नव्हता. चौघे खाली पाहत राहिले. पाचवा उठला.

तात्या बाकावरून खाली उतरले, शांतपणे व्यासपीठाच्या पायऱ्या चढले आणि न्यायाधीशांसमोर उभे राहिले. बोलायची बंदी होती. शब्दांवाचून व्यवहार करायची एकच भाषा त्यांना येत होती, आणि ती त्यांना फार चांगली येत होती. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला, न्यायाधीशांच्या उजव्या पंजावर अलगद पसरला आणि आत आपला हात घातला.

सर अर्धवट उठले आणि तसेच राहिले. न्यायाधीशांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा; आणि मग जे झाले ते मी अजून विसरलेले नाही. त्यांच्या चेहऱ्यावरची इस्त्री हळूहळू उतरली. ते खिडकीबाहेर पाहू लागले, अगदी कोऱ्या नजरेने, आणि म्हणाले, “यंदा थंडी उशिराच पडली.”

टॉवेल हलला. तात्या छताकडे पाहत होते. टॉवेल पुन्हा हलला, एकदा फुगला, एकदा घट्ट ओढला गेला. न्यायाधीशांनी मान हलवून नकार दिला. तात्यांनी हात काढून घेतल्यासारखे केले, एक पाऊल मागे गेले आणि परत आले. त्या चौकड्यांखाली पाच माणसांच्या आयुष्याची वर्षे पंज्यापंज्याने कमी होत होती, आणि त्यांचा बचाव करणारी मी, तोंडाचा आ करून, पहिल्या रांगेत बसले होते. शेवटी तात्या वाकले आणि न्यायाधीशांच्या कानात काहीतरी कुजबुजले. न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिले. मग हात बाहेर आला. तळव्याचा त्यांनी नकळत वास घेतला.

“शिक्षा,” त्यांनी घसा साफ केला, “तीन वर्षे. साधी कैद. नंतर आरोपींना त्यांच्या किनाऱ्यावर, त्यांच्या होड्यांसह पोहोचवण्यात यावे. या फेरीत सरकार पक्षाच्या वकील विजयी आहेत. रत्नागिरीला त्या जातील.”

तात्या जागचे हलले नाहीत. टॉवेलाचे एक टोक अजून त्यांच्या हातात होते.

“आन् कासरा?” सोमाली आरोपी म्हणाला.

“हो, हो, ठरलंय ना,” न्यायाधीश घाईघाईने म्हणाले. “मदतनीस म्हणून बचाव पक्षाच्या वकील जातील. बैलाबरोबर कासरा.”

हशा असा उसळला, की झोपलेला चाचा दचकून जागा झाला आणि त्याने हात वर केले. माझी मैत्रीण उभी राहिली. तिचा आवाज प्रथमच बारीक झाला होता.

“साहेब, म्हणजे मी बैल?”

“प्रथम क्रमांकाचा,” न्यायाधीश म्हणाले.

नंतर चहाच्या वेळी, टपरीच्या बाकावर बसून, त्यांनी सांगितले की त्यांचे वडील बैलांचे व्यापारी होते आणि लहानपणी त्या टॉवेलाखाली काय चालते, हे कळावे म्हणून त्यांनी एकदा खालून डोके घातले होते, त्याबद्दल मार खाल्ला होता. “इतकी वर्षं मी प्रत्येक आरोपीला विचारलं, शिक्षेबाबत काही सांगायचंय का. दया करा, यापलीकडं कुणी काही बोललं नाही. घासाघीस करणारा हा पहिला.”

“मंग काय करणार सायेब?” तात्या पेला पुढे करत म्हणाले. “ह्या दोघी पोरी दीड तास आमच्यावरनं भांडत हुत्या, आन् आमाला कुनी पानीबी विचारलं न्हाई. ह्या ताईंनी तर लई वाळू घातली आमच्या बोकांडी.”

मी चहा पीत राहिले. त्यात त्या दिवशी आले जास्त पडले होते. डोळ्यांत पाणी आले ते त्यामुळे.

सरांनी मोठ्या मनाने जागा सोडली. फक्त भरती-ओहोटीच्या वेळा लिहून आणायला सांगितल्या. वडिलांना पत्र दाखवले. त्यात मदतनीस हा शब्द होता, त्यावर महाविद्यालयाचा शिक्का होता. त्यांनी चष्मा पुसून शिक्का पाहिला. “पोहता येत नाही, एवढं लक्षात ठेव,” ते म्हणाले, आणि मला सोडायला एसटी स्टँडवर आले.

रत्नागिरीला मैत्रीण हरली. शिंगणापूरचा दाखला तिथल्या परीक्षकांना इतका आवडला, की त्यांनी तिचा उरलेला वेळ कुलपे आणि दारे यांविषयी विचारण्यातच घालवला. मी कागदपत्रे सांभाळली. संध्याकाळी आम्ही दोघी समुद्रावर गेलो.

दिसण्याआधी तो नाकाला भेटला. ओले बारदान, गंज, सुकट आणि कुजलेला माड. एकेचाळीस कवितांत मी एकही मासा घातला नव्हता, हे मला तिथे, नाकावर पदर धरताना कळले. रंग निळा नव्हता. दुसऱ्यांदा उकळलेल्या चहासारखा होता. गाज म्हणून मी जिचे वर्णन केले होते, ती प्रत्यक्षात भरपेट जेवून आडव्या झालेल्या थोराड माणसाच्या श्वासासारखी होती. आणि तो ओला होता. हे कोणी मला नीटसे सांगितले नव्हते. चपला काढून मी घोट्यापर्यंत उतरले. पायांखालची वाळू कोणीतरी हळूच काढून घेत होते, गुदगुल्या करत, आणि मी मोठ्याने, मूर्खासारखी हसत होते. वळून पाहते तो माझी डावी चप्पल लाटेवर बसून निघाली होती.

“चोरी! खुल्या समुद्रात!” मी ओरडले.

“आरोपी एकच आहे,” मैत्रीण कोरड्या जागेवरून म्हणाली. “दरोडा होत नाही. साधी चोरी.”

चप्पल दूर जाताना पाहत मी उभी राहिले. याच पाण्याच्या पलीकडच्या काठावर कोळ्यांची गावे होती. त्यांच्यातले कोणी कधी खरेच असे परक्या न्यायालयात उभे राहिले, तर त्यांच्याविषयी माझ्यासारखे कोणी वाळूचे वर्णन करत बसू नये. त्यांना कोणी पाणी विचारावे, असे मला वाटले. मग दुसरी लाट आली आणि मी उजवी चप्पल हातात घेऊन पळाले.

नगरला परतल्यावर एका पायात मैत्रिणीची जुनी चप्पल घालून मी टपरीवर गेले. तात्यांनी आधी पायांकडे पाहिले, मग चेहऱ्याकडे.

“कसा हाय?”

“मोठा आहे, तात्या. पलीकडचा काठ दिसत नाही.”

“जनावरं पितेत का त्याचं पानी?”

“नाही. खारट आहे.”

“मानसं?”

“तीही नाही.”

आले कुटायचे थांबवून तात्यांनी माळरानाकडे पाहिले. “मंग एवढं ठिवलंय कशापायी?”

एकेचाळीस कवितांत याचे उत्तर नव्हते. बेचाळिसावी मी तिथेच, त्या बाकावर बसून लिहिली. तिच्यात निळा रंग नव्हता, गहिवर नव्हता. एक डावी चप्पल होती, मासळीचा वास होता आणि तात्यांचा प्रश्न होता. त्यांना ती वाचून दाखवली. टॉवेलाने हात पुसत त्यांनी शेवटपर्यंत ऐकली.

“ही बघून लिवल्यासारखी वाटती,” ते म्हणाले, आणि चहा पुढे केला.